एका लिटरची शिक्षा

सुमतीमावशी जूनमधल्या एका मंगळवारी दुपारी नोएडातल्या आमच्या फ्लॅटमध्ये वारली. वय एकोणऐंशी. त्याला आता सहा आठवडे झाले.

आई गेल्यावर तिनेच मला दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढवलं. आमचं घर ख्रिस्ती, आणि शिक्षेची तिची स्वतःची एक रीत होती. अकराव्या वर्षी मी शाळा बुडवून मैत्रिणींबरोबर बसने भटकले. मावशी तीन तास पार मुनिरकापर्यंत शोधत फिरली. मारलं नाही. आठ दिवस खाली खेळायला बंदी. ते आठ दिवस तिनेही संध्याकाळचं फिरणं सोडलं आणि चटईवर माझ्याशेजारी बसून राहिली. शेजारच्या जोशीकाकू दारातून म्हणाल्या, "काय जेलरबाई, आज पण ड्यूटी?"

"जेलर कसली, मीही आतच आहे."

पहिल्या संध्याकाळी मी घाबरून विचारलं होतं, देवही सोडून गेला का? "रागावलाय. पण उठून गेलेला नाही," ती म्हणाली.

या उन्हाळ्यात तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी दिवसाला एकच लिटर पाणी ठरवून दिलं. बाहेर लूचे गरम झोत, आणि ती सारखी पाणी मागायची... एका दुपारी मला राहवलं नाही, तीन ग्लास जास्त दिले. संध्याकाळी तिला आडवं होता येईना, छाती घरघरू लागली. चार दिवस हॉस्पिटलात काढून ती घरी आली. त्यानंतर मी वेळ ठरवून घोट-घोट पाणी द्यायला लागले. दिलं तर तिचा श्वास कोंडेल. नाही दिलं तर ती तहानलेली, माझ्यावर रागावून जाईल. मीही लिटरभरच प्यायला लागले. दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं.

"तू पण लिटरवर? अच्छा! बिल्कुल माझ्यावर गेलीस."

मंगळवारी जेवणानंतर तिने पाणी मागितलं. पुढच्या घोटाला तासभर होता. मी नाही म्हटलं. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, झालं, आता ही बोलायची नाही.

"तो आहे ना गं खोलीत? उठून नाही ना गेला?" तिने भिंतीकडे बघतच विचारलं.

"मी आहे, मावशी."

"तुला नाही विचारलं."

मग तीच "आहे" म्हणाली, आणि न वळताच हात मागे केला. मी तो धरला. तीन वाजून दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तो माझ्या हातातून सोडवून घेतला.