पंधरा दिवसांची गोळी

आमच्या आईला मिरचीच्या बाबतीत फसवणं लालबागच्या बाजारात कुणाला जमलं नाही. ती पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, तळाची मिरची वर काढायची, देठ मोडून नाकाशी धरायची आणि व्यापाऱ्याकडे नुसती बघायची. "वर नवी आणि खाली गेल्या सालची? माका आंधळी समजतस?" व्यापारी हसून भाव उतरवायचा. गिरणी बंद पडून बाबा घरी बसले तेव्हा तिने रस्त्याकडेला गोणपाटावर मिरची मांडली आणि आम्हा दोघा भावांना वाढवलं. गोणपाटाचं दुकान पुढे मी केलं, कुणाच्या मेहेरबानीशिवाय केलं. पण आवाज कधी चढवायचा, आणि सौदा सोडून निघाल्यासारखं करून मागून हाक येईपर्यंत किती सावकाश चालायचं, हे तिचंच शिक्षण.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला बायका माटुंग्याहून यायच्या, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून यायच्या, पार कफ परेडच्या मच्छीमार नगरातून यायच्या. मिरची निवडायची, भाजायची आणि डंकावर कुटून न्यायची. गल्लीभर शिंका. त्या ठसक्यात आई पदर नाकाला लावून बसलेली असायची. गेल्या वर्षी कुणी किती धणे घातले, कुणाच्या सुनेला तिखट सोसलं नाही, हे सगळं तिला पाठ. वहीत काही नसायचं. बाई उंबऱ्यात दिसली की आई म्हणायची, "औंदा दगडफूल कमी घाल हां, मागच्या टायमाक कडू झालो होतो."

बाबा गेले आणि सहाएक महिन्यांनी तिला घाबरायला होऊ लागलं. दुकानात बसल्या बसल्या छाती धडधडायची, तळव्यांना घाम सुटायचा. गॅस बंद केला का बघायला ती चार वेळा घरी जाऊन यायची. जिना उतरताना मध्येच कठडा धरून उभी राहायची आणि म्हणायची, "माका कायतरी होतला." कार्डिओग्राम काढला, चांगला आला. मग परळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अर्धा तास तिचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "हृदय ठीक आहे. हा चिंतेचा आजार आहे. खरा आजार आहे, नाटक नाही."

त्यांनी दोन गोळ्या लिहिल्या. एक रोज सकाळी घ्यायची. तिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागणार. दुसरी झोपताना, मसुराच्या डाळीएवढी, लगेच शांत करणारी. "ही फक्त पंधरा दिवस," ते म्हणाले. "पहिलीचा गुण येईपर्यंत आधाराला. हिची सवय लागते. पंधरा दिवसांनी परत या."

मी म्हटलं, "डॉक्टर, मग दोन-दोन कशाला? जी लगेच लागू पडते तेवढीच द्या की."

"हे दुकान नव्हे," ते म्हणाले.

मला पटलं नाही. आयुष्यभर माल हातात घेऊन, पारखून घेतला. महिन्याने गुण दाखवणारा माल कोण घेतो? सकाळच्या गोळीने आईला चार दिवस मळमळलं, ते निमित्त झालं. ती मी बंद केली. रात्रीची चालू ठेवली. पंधरा दिवस संपले तेव्हा परत गेलो नाही. दोन तास बाकावर बसून तीच चिठ्ठी आणायची, असा माझा हिशेब.

नाक्यावरचा औषधवाला माझ्या तीस वर्षांच्या ओळखीचा. त्याच्या घरी मसाला माझ्याकडचाच.

"हिला चिठ्ठी लागते रे," तो म्हणाला.

"माझं तोंड बघ. हीच चिठ्ठी."

"एक पट्टी देतो."

"चार दे. मी काय चोर आहे? म्हातारीला झोप लागत नाही."

"कटकट करतोस यार. दोन घे."

तिनावर सौदा ठरला. पुढच्या वेळेपासून तेवढंही बोलावं लागलं नाही, मला बघितलं की तो पट्ट्या काढूनच ठेवायचा. आज हे लिहिताना कान तापतात. पण तेव्हा मी सौदा जिंकलो होतो आणि घरी येऊन तसं सांगितलंही होतं.

ते पहिले काही महिने मला अजून आठवतात, आणि लाज वाटत असूनही गोड आठवतात. आई रात्री झोपायची, सकाळी चहाला हसायची. संध्याकाळी गॅलरीत स्टुलावर बसून जुन्या गोष्टी सांगायची. गिरणीचा पहिला भोंगा झाला की अख्ख्या चाळीचे स्टोव्ह एकदम कसे पेटायचे. पाळी सुटल्यावर बाबांच्या केसांत कापसाची पिंजण कशी अडकलेली असायची, आणि ती फणीने काढताना ते कसे लहान पोरासारखे मान खाली घालून बसायचे. बाबांबद्दल इतकं मऊ बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, दुःख निवलं.

मग एक गोळी पुरेना. "अर्धी अजून घेव?" तिने विचारलं. "घे," मी म्हटलं. दीडाच्या दोन झाल्या, पुढे दुपारची अर्धी आली. तिचे शब्द ओढत येऊ लागले. भिंतीला हात लावत चालायची. एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारायची, आमटीत दोनदा मीठ पडायचं. खोकल्याचं औषध घेतलं त्या दिवशी तर दुपारपर्यंत उठलीच नाही. आणि एकदा दुकानात एका व्यापाऱ्याने मिरचीचा पहिला भाव सांगितला आणि आई म्हणाली, "बरां."

व्यापारी माझ्याकडे बघत राहिला. त्यालाच कसंसं झालं. "काकी, बरं नाही का?" त्याने हळूच विचारलं.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मग ती गॅलरीत नळाजवळ पडली आणि मनगट मोडलं. थोरला भाऊ डोंबिवलीहून आला. तो ऑफिसातून निवृत्त झालेला, सावकाश बोलणारा. त्याने आईला दोन-चार प्रश्न विचारले, ती भलतंच बोलली. बाहेर येऊन तो म्हणाला, "वय झालं तिचं. डोकं गेलं. गावी ठेवू, काकू आहे, वर एक बाई बघू. या जिन्यावरून एक दिवस खाली येईल."

"तुला जड झाली काय?" मी ओरडलो. "तू कधी सांभाळलीस?" अख्ख्या मजल्याने ऐकलं. पण खोटं कशाला बोलू, आतून मलाही तेच वाटत होतं. आई गेली, नुसती बसलेली दिसते, असं. पुढच्या महिन्यात तिला न्यायचं ठरलं.

गावी लागतील म्हणून सहा पट्ट्या आणायला गेलो तर औषधवाल्याकडे काउंटरवर नवीन फार्मासिस्ट बाई. मालक बाहेर गेला होता.

"चिठ्ठी?"

"मालकाला विचार मी कोण ते."

"तुम्ही कोणी पण असा काका, ही चिठ्ठीशिवाय मिळत नाही."

मी भडकलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण घेतं?"

"आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे."

"किती दिवस?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?" तिचा आवाजच बदलला. "विसरतात का त्या? तोल जातो? पडल्या वगैरे?"

या बाईने आईला कधी बघितलेलंही नव्हतं. ती पुढे म्हणाली, "कदाचित वय नसेल काका, गोळी असेल. डॉक्टरांकडे न्या. आणि ऐका, एकदम बंद करू नका." हे शेवटचं तिने माझ्या पाठीला सांगितलं. मी तोवर रस्त्यावर आलो होतो.

माझा राग आणि माझी अक्कल एका वेळी एका ठिकाणी कधी नसतात. घरी आलो आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी डोळ्याला डोळा लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी आईचे हात थरथरायला लागले, कपभर चहा अंगावर सांडला, घामाने लुगडं भिजलं. कपाटाजवळ कुणीतरी उभं आहे म्हणून ती किंचाळत होती. टॅक्सीत घालून परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरणीने पहिला प्रश्न केला, "कुठली गोळी बंद केलीत?" मी सांगितलं. तिने लगेच तीच गोळी परत सुरू केली. मला तेव्हा ते वेड्यासारखं वाटलं. मग तिने नीट समजावलं. थोडे दिवस, देखरेखीखाली दिली तर ही गोळी चांगली आहे, घाबरलेल्या माणसाला तगवते. पण महिनोन्‌महिने घेतली की शरीर तिच्यावर टेकून उभं राहतं. टेकू एकदम काढला तर माणूस कोसळतो. फिटसुद्धा येऊ शकते. आणि म्हाताऱ्यांच्या अंगात ती जास्त वेळ राहते, म्हणून तोल जातो, विसर पडतो.

"मग डोकं परत येईल?" मी विचारलं.

"बरंचसं यावं. वचन देत नाही. थोडी थोडी कमी करत नेऊ. सात-आठ महिने लागतील."

"दोन महिन्यांत करा."

"नाही."

"चला, चार."

ती हसली सुद्धा नाही. "त्यांना त्रास झाला तर दहा होतील. हवं तर आत्ताच दहा धरा."

तेवढ्यात थोरला पोचला. व्हरांड्यात मी त्याला सगळं सांगत होतो. पहिल्या डॉक्टरांनी नीट बजावलं नाही, औषधवाल्याने पैशासाठी दिल्या, तू तर तिला गावीच टाकायला निघाला होतास. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्या बायकोसमोर, डॉक्टरणीसमोर, त्याच्या नेहमीच्या सावकाश आवाजात विचारलं, "गोळ्या कोण आणत होतं?"

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तो आईला भेटायला आला की मी दुकानात निघून जायचो. ते लक्षात आल्यावर तो यायचाच बंद झाला.

आईची गोळी उतरत गेली. आधी दुपारची सुटली. रात्रीच्या दोनाच्या दीड, दीडाची एक. दर पायरीला चार-आठ दिवस वाईट जायचे, मग स्थिरावायचं. सकाळची जी गोळी मी बंद केली होती, तीच आता पुन्हा मिळाली, आणि महिन्याभराने तिचा गुण आलाही. एक दिवस आईने बायकोला हाक मारून विचारलं, "गो, ह्या कुळथात मीठ कोणी घातल्यान? हात सुटलो काय?" बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली.

गेल्या महिन्यात शेवटची पाव गोळी सुटली. हातात बारीक कंप राहिला आहे, जिना ती एकटी उतरत नाही. पण परवा दुपारी जेवण झाल्यावर तिने मला समोर बसवलं. "मधली दोन वर्सां माका काय्येक आठवणा नाय," ती म्हणाली. "सांग."

मी सांगत गेलो. शेजारचं कोण गेलं, कुणाला मूल झालं. मग थोरल्याच्या मुलीच्या लग्नाचा फोटो दाखवला, दादरच्या हॉलमधला, मनगट मोडायच्या आधीचा. आई पहिल्या रांगेत, हिरवी साडी, हातात अक्षता. ती फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली.

"माझ्या नातीचा लगीन," ती म्हणाली. "आणि मी हंय बसलंय." मग म्हणाली, "थोरलो कित्याक येणा नाय?"

मी सांगितलं. तो काय बोलला, कुणासमोर बोलला, शब्द न् शब्द.

"खोटां बोललो काय तो?"

"नाही. पण सगळ्यांसमोर बोलला."

"मग आता माझ्यासमोर बोल. फोन लाव."

लावला आणि तिच्या हातात दिला. तिने त्याला एकच सांगितलं, पोरीचं लग्न सगळं सांग, पहिल्यापासून. अर्धा तास तो सांगत होता आणि ती हुंकार देत होती. मुहूर्त, मानपान, पंगतीला काय होतं. एकदा डोळे पुसले, एकदा हसली. मग फोन माझ्याकडे धरला आणि हात मागे घेईना.

मी घेतला. राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण आई समोर बसून बघत होती.

"रविवारी ये," मी म्हटलं. "जेवायला."

"येतो," तो म्हणाला. "येताना दादरहून पापलेट घेऊन येऊ?"

"नको," मी म्हटलं, "तुला उल्लू बनवतील. मी आणतो."