पाथर्डी फाट्यावरची जर्मन पेशंट

किस्से मी गोळा करत नाही, तेच घरी चालत येतात. पाथर्डी फाट्याला आमची रो-हाउसेस. माझ्या आणि नसीमभाभीच्या घरात भिंत एकच, तीही चार इंची! आमचे हे म्हणतात, "तुझे कान लांब." मी म्हणते, "भिंत पातळ, त्याला मी काय करू?"

नसीमभाभी घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मुलगी रुबीना नर्स आहे, एकुलती एक. एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं मी सांगते.

*

एकदा रुबीना पासपोर्ट साइजचे आठ फोटो काढून आली. आठ!

"स्थळ कुठलं गं?"

"जर्मनी, काकू."

"अगं बाई! मुलगा काय करतो?"

"मुलगा कुठला? मी चाललेय. तिकडच्या हॉस्पिटलात, नर्स म्हणून."

चार इंची भिंत, आणि मला पत्ता नाही! दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

*

तिचा सगळा बेत जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून भिंतीला चिकटवलेला होता. आधी भाषेची परीक्षा. मग मुलाखत, व्हिसा, तिथे काम करत शिकणं, तिथलं नर्सचं रजिस्ट्रेशन, आणि शेवटी आयसीयूचा वेगळा कोर्स. माझी गाडी दहावीपुढे गेली नाही, तरी मी एकेक ओळ बोट लावून वाचली.

"यात लग्न कुठल्या ओळीत?"

"जागा उरली तर बघू!"

मी हसले. मशीनवर बसलेली नसीमभाभी हसली नाही. मान वर न करता म्हणाली, "सब लिखी तू. इसमें मैं किधर हूँ?"

रुबीना कॅलेंडरकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून रुबीनाने मोठ्याने जर्मन वाचायला घेतलं, की मशीन सुरू! साडी असो वा नसो.

*

परीक्षेत पेशंटशी बोलून दाखवावं लागतं म्हणे. "मग मी आहे की!" म्हणत मी त्यांच्या दिवाणावर आडवी झाले. माझं नाव फ्राउ श्मिट, वय ब्याऐंशी, पडून पाय दुखावलेला. मला दोन शब्द शिकवले. 'या' म्हणजे हो, 'नाइन' म्हणजे नाही. तिसरा मी स्वतः मिळवला. क्लासच्या मैत्रिणीशी फोनवर ती सारखी 'नाखबारिन, नाखबारिन' म्हणत हसायची.

"कोण गं ही?"

"नाखबारिन म्हणजे शेजारीण, काकू. तुमचंच चाललंय!"

तर पहिल्या दिवशी रुबीना पांढरा कोट घालून आली आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणालीस?"

"खूप दुखतंय का, विचारलं."

"ते राहू दे. उन्हातून आलीस, आधी चहा घे."

"काकू! तिकडे पेशंट नर्सला चहा विचारत नाहीत!"

"मग आजारी पडतील नाही तर काय!"

तिचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा: घरी तुमची काळजी कोण घेतं? मी दर वेळी ठोकून द्यायची, "या, या!"

"या नाही हो काकू, माणूस सांगायचा!"

आणि एक सांगू? नेमक्या त्या प्रश्नाला मशीन थांबायचं.

*

एकदा आमचे हे कामावरून आले तर घराला कुलूप. शेजारून माझं कण्हणं ऐकू आलं म्हणून धावत आले. बघतात तो मी दिवाणावर, पायाला बँडेज.

"काय झालं हिला?"

"काही नाही काका," रुबीना म्हणाली, "काकू सध्या जर्मन आहेत. दोनच शब्द बोलता येतात."

हे दारातच टेकले. "दोनच? हे कायमचं करता येईल का?"

*

पहिल्या वेळी रुबीना नापास झाली. लिहिण्यात पास, बोलण्यात गेली. नसीमभाभीने मशीनला तेल घातलं. बरं वाटलं की वाईट, तोंडावरून कळेना. आणि मला न कळणं म्हणजे बघा!

*

दुसऱ्यांदा परीक्षा सोमवारी होती. शनिवारी माझा घसा बसला, पार बसला. रविवारी संध्याकाळी मी गळ्याला मफलर गुंडाळून त्यांच्याकडे स्टुलावर बसले होते. बोलायला गेले की नुसती हवा.

रुबीना रडकुंडीला आली. "आता पेशंट कुठून आणू?"

मशीन थांबलं.

नसीमभाभी उठली. ओढणीला चिकटलेले दोरे झटकले, दिवाणावर आडवी झाली, डोळे मिटले.

"पूछ."

रुबीना विचारत गेली. भाभी जिथे 'या' तिथे 'या', जिथे 'नाइन' तिथे 'नाइन'. एकही चूक नाही! मग तो शेवटचा प्रश्न आला. घरी तुमची काळजी कोण घेतं?

डोळे न उघडता भाभीने माझ्याकडे बोट केलं.

"नाखबारिन."

आणि नेमका तेव्हाच माझा आवाज बसलेला!