शिक्का नसलेला फोटो

दिनकर गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर किटली काढून दाखवत होतो. शिपायाने कार्ड टेबलावर ठेवलं. मी ते वाचलं आणि किटलीचा दांडा पुरा केला. मुलं थांबली होती.

तेराव्याला आम्ही जुने लोक चिंचवडला जमलो. एकाने एक किस्सा काढला, लगेच दुसऱ्याला दुसरा आठवला. असे किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ट्रंकेत जुन्या लग्नपत्रिका साठतात तसे साठतात, आणि एक काढायला जावं तर दहा हाताला लागतात!

पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं तिथल्या स्टेशनजवळ दिनकरचा फोटो स्टुडिओ होता. तो फोटो काढायचा. मी सकाळी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो आणि दुपारी त्याच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून माणसांच्या सुरकुत्या, डाग, व्रण घालवायचो. याला रिटचिंग म्हणत. आम्ही एकाच वयाचे, तरी तो मला 'मास्तर' म्हणे.

*

तेव्हा प्रत्येक स्टुडिओत एक रंगवलेला पडदा असे. आमच्या पडद्यावर महाल, संगमरवरी पायऱ्या आणि दोन हंस होते. चाकणचे एक शेतकरी फोटोला आले. पडदा बघितला आणि वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

"असू द्या की पायात," दिनकर म्हणाला.

"न्हाई बा. येवढ्या मोठ्या लोकांच्या वाड्यात वहाणा घालून कसं जायचं?"

आम्ही आठवडाभर हसलो.

मग एक गिऱ्हाईक जुन्या फोटोची नक्कल करून घ्यायला आलं. दिनकरने फोटो उजेडात धरला. "बघा मास्तर, हा माझा किती चांगला जमलाय!"

मी फोटो उलटा केला. मागे पुण्यातल्या दुसऱ्याच स्टुडिओचा शिक्का! तेच हंस, तशीच कललेली मान, तसाच गुळगुळीत चेहरा.

त्या दिवशी दिनकर जेवला नाही. संध्याकाळी म्हणाला, "मागचा शिक्का न बघता माझा फोटो ओळखू आला पाहिजे. नाही तर पानाची गादी टाकतो."

*

पहिला प्रयोग तालमीच्या ग्रुप फोटोवर झाला. आपला फोटो वेगळा दिसावा म्हणून दिनकरने कॅमेराच तिरका लावला. फोटोत बारा पैलवान एका बाजूला कललेले.

वस्तादांनी फोटो बराच वेळ बघितला. मग शांतपणे म्हणाले, "पंचक्रोशीत आमच्या पोरांना कुणी पाडलं न्हाई. तू पाडलंस!"

*

पिंपरीला नवा कारखाना निघाला आणि कामगारांच्या पासासाठी फोटोंची रांग लागली. त्यात बीडकडून आलेला सखाराम होता. चेहऱ्यावर देवीचे व्रण. मी दोन तास खपून त्याचा चेहरा अगदी स्वच्छ केला. माझं मलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सखाराम स्टुडिओच्या दारात हजर.

"मास्तर, शिफ्ट गेली की माझी! गेटवरचा म्हणतो, तू नाहीस हा. फोटोतल्याला पाठवून दे!"

दिनकर पोट धरून हसला. मग हसू आवरून सखारामला त्याने खिडकीशी उभं केलं, शेजारी फोटो धरला आणि आळीपाळीने दोन्हींकडे बघत राहिला. खिडकीतून एका बाजूने ऊन येत होतं. व्रणन् व्रण दिसत होता. दिनकरने तिथेच दुसरा फोटो काढला. मग माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"आजपासून ही बंद."

"मग मी काय करू?"

"प्रिंट धुवा."

मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. प्रिंट मात्र धुतले.

*

पडदा गेला, पावडरचा डबा गेला. राहिली ती खिडकी. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, काही तुटलीही. दिनकर ऐकेना. कुठे बसवलं की नाकाची सावली कुठवर जाते, हे तो रोज मला खिडकीशी बसवून बघायचा.

एकदा एक बाई मुलीचा फोटो न्यायला आल्या. लग्नासाठी स्थळांकडे पाठवायचा होता. फोटो बघून त्यांचा आवाज चढला. "अहो, किती सावळी काढलीत हो हिला!"

मी आशेने पेन्सिलीच्या खणाकडे बघितलं. दिनकर काही बोलणार तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "राहू दे गं आई. आता नाही म्हणाले तर बरंच. लग्नानंतर म्हणाले तर मी कुठे जाऊ?"

दिनकरने त्या फोटोचे पैसे घेतले नाहीत.

*

वर्षभराने सखाराम सांगत आला. महाळुंग्याला पाहुण्यांकडे गेला होता, तिथे भिंतीवर फोटो दिसला. "बघताक्षणी म्हणालो, हा दिनकररावांचा!"

दिनकर उठून उभा राहिला. "मागचा शिक्का बघितलास?"

"फ्रेममध्ये होता की हो. शिक्का कुठून दिसणार?"

"मग ओळखलास कसा?"

"त्यात काय राव! तुमच्या फोटोत कुणीच देखणं दिसत नाही."

दिनकरने त्या दिवशी सगळ्या आळीला भजी खिलवली!

*

चाकणच्या बाजाराच्या दिवशी आम्ही कॅमेरा घेऊन तिथे जायचो. कांद्याच्या पोत्यांच्या आडोशाला, कलत्या उन्हात एक म्हातारी टेकली होती. दिनकरने फोटोसाठी विचारलं. ती लाजली, मग हो म्हणाली. मी सवयीने आरसा पुढे केला.

"त्यो कशाला? मालक गेले, कुकू गेलं. तवापासनं आरशात बघितलंच न्हाई. लई वर्सं झाली."

पुढच्या बाजाराला दिनकरने तिच्या हातात प्रिंट दिला. सुरकुतीन् सुरकुती जागेवर होती. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. खालीच बसली.

"आगं बया, ही तर माजी आय!"



तिने पदराने प्रिंट पुसला आणि दिनकरकडे बघितलं. "तुला रं कुठं गावली ही?"

दिनकर तिच्या शेजारी पोत्यावर बसला. "इथंच बसली होती," म्हणाला.

तिने फोटो कपाळाला लावला, कमरेला खोचला आणि गेली. 

परतताना दिनकरने निगेटिव्ह माझ्याकडे दिली. "मास्तर, याची एक मोठी प्रत काढा. स्टुडिओत दर्शनी लावू."

गिऱ्हाइकं ओढायला कुणाची आई कशी टांगायची? ती प्रत मी काढली नाही.