परबकाकांची हूल

चारकोपच्या आमच्या सेक्टरात हूल हा शब्द कबड्डीच्या मैदानात मावेनासा झाला, याला जबाबदार एकच माणूस: आमच्या वरच्या मजल्यावरचे जयवंत परब. रिक्षावाला थांबल्यासारखं करतो, "कुठे?" विचारतो आणि उत्तर ऐकून सुसाट निघून जातो, तेव्हा आमच्याकडे म्हणतात, "मेल्याने हूल दिली." आज येतो, उद्या येतो म्हणणारा प्लंबर आठवडाभर हूल देतो. इकडे जातोय असं दाखवायचं आणि तिकडून सटकायचं, एवढाच अर्थ, असं आम्ही समजतो. काकांना मात्र ते पटत नाही.

काका तरुणपणी गिरणीच्या संघातून चढाया करायचे. गिरणी बंद पडली, नोकरी गेली, पुढची वीस वर्षं एका गोदामाची राखण करण्यात गेली, पण अंगातली हूल काही गेली नाही. आता सत्तरीत ते रोज संध्याकाळी मैदानात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पोरींना शिकवतात. माझी मुलगी निधी त्यातलीच. एकदा तिने हूल दिली आणि समोरची कुणी जागची हललीसुद्धा नाही. काका खुर्चीतून ओरडले, "अगो, पाय नुसतो दाखवतंस! त्या पायावर वजन घाल. आपण खरांच थय जातंव असा तुका स्वतःक वाटाक व्हया. खोटो पाय लांबसून कळता!"

त्यांचा दुसरा नियम: हात लागला की पंचाकडे बघायचं नाही. आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचं.

तत्त्वं उत्तम. अडचण त्यांच्या डाव्या गुडघ्याची होती. तो पार झिजला होता आणि काका तीन वर्षं डॉक्टरला हुली देत होते. भेटीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, जानकीकाकूंना "येतंय गो" म्हणून लंगडत निघायचे आणि कोपऱ्यावरून मैदानाकडे वळायचे. एकदा तर दवाखान्यात जाऊन नंबरही घेतला, तो एका म्हाताऱ्या बाईला दिला आणि तिचे आशीर्वाद घेऊन घरी परत. डॉक्टर काय म्हणाले, असं काकूंनी विचारलं, तर म्हणे, "माणूस बरो वाटलो."

मला हसू यायचं, रागही यायचा. कारण पुढे जिने उतरणं बंद झालं. मैदान सुटलं. काका गॅलरीतून पोरींवर ओरडायचे आणि खाली काही ऐकू यायचं नाही. डॉक्टरांनी पहिल्या तपासणीतच बजावलं होतं, उशीर केलात तर ऑपरेशन करूनही फार उपयोग व्हायचा नाही. भाजी, औषधं, गॅसवाल्याची हाक, सगळ्यासाठी काकूच वरखाली करायच्या. काकूंनी आयुष्यात कुणाला हूल दिली असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका मंगळवारी त्या माझ्या दारात आल्या. "सुबोध, उद्या गाडी काढशील काय? माझो गुडघो दुखता. माका आता चलाक जमणा नाय. ह्येंका पण घेऊया, माका एकटीक भीती वाटता."

काका हे ऐकून गडबडलेच. बायकोला डॉक्टरकडे न्यायचं म्हटल्यावर ते जिन्यावरून बसत बसत खाली आले. गाडीत काकूंचा हात धरून बसले होते. "ऑपरेशनाक भियाचा नाय," असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. माणूस तीन वर्षं पळतोय आणि इथे धीर देतोय, हे बघून, आरशात हसू दिसू नये म्हणून मी ओठ दाबले.

दवाखान्यात नर्सने नाव पुकारलं. "जयवंत परब!"

काकांनी डावीकडे पाहिलं, तिथे भिंत. उजवीकडे काकू उठून उभ्या. मागे मी, आणि देवाशपथ सांगतो, मला यातलं काही माहीत नव्हतं.  मग काकांनी आपणहून हात वर केला आणि ते आत गेले.

पंधरा दिवसांनी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी निधीला घेऊन भेटायला गेलो, तर काका पलंगावर टेकून तिला तो प्रसंग खुलवून सांगत होते. "चाळीस वर्षां संसार केलंय, पण अशी हूल! माका जरासुद्धा संशय इलो नाय. हिका संघात घेऊक व्हयी होती!"

काकू हसल्या आणि त्यांना पाणी द्यायला उठल्या. एका हाताने खुर्ची दाबली, दुसऱ्याने पलंगाची कड धरली, ओठ आवळले, सगळा भार उजव्या पायावर घेतला आणि मग कुठे उभ्या राहिल्या. काकांची नजर काकूंच्या पायांवर खिळली. जन्मभर समोरच्याच्या पायांकडे बघत आलेला माणूस तो.

"जानकी," ते म्हणाले, "खरांच दुखता?"

"दुखता तर. डॉक्टरान गेल्या वर्सा माका पण ऑपरेशन सांगितला."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"दोघांनी एकदम अंथरूण धरला तर चाय कोण करतलो? आदी तुमचा होऊ दे."

निधी माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीकडे. हीच बाई दिवसातून चार वेळा पिशव्या घेऊन माझ्या दारावरून जिना चढत होती आणि मी "काय काकू, बरं ना?" विचारून आत जात होतो. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. सकाळी काकांनी तिलाही झोपेचं सोंग करून हूल दिली होती, म्हणून ती दारातूनच दमात घेत आली, "आजोबा, आता उठायचंच हं!"

काकांनी वॉकर आधीच ओढून घेतला होता.

"उठतंय," ते म्हणाले. "तू फक्त इतक्या सांग, चाय करूक माका उभ्या रव्हाक कधी जमतला?"