विहिरीवर आणलेला चौक

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत मी अकोल्यास सरकारी इंजिनेर साहेबाच्या हाताखाली नकाशे काढत असे. आगगाडी यायची होती आणि स्टेशनालगत नवी पेठ वसवायचे ठरले होते.

साहेबाने एक दिवस जुन्या पुस्तकातले चित्र दाखवले. इटली देशातले शहर होते. चांदणीसारखा तट, मध्ये चौक, तिथून वेशींकडे सुटलेले सरळ रस्ते. आधी कागदावर आखले आणि मग बांधले, असे तो म्हणाला. मी बाळापूरच्या बोळांत वाढलेला. शहर असे अगोदर मनात वसवता येते, हे मला ठाऊकच नव्हते.

तसाच नकाशा मी आठ दिवसांत काढला. पण जमिनीवर आखणी करताना उत्तरेचा रस्ता नेमका एका विहिरीवरून जाऊ लागला. मी खुंटी ठोकली, तशी हाताच्या रेच्यावर कापसातली सरकी काढून पोट भरणारी एक म्हातारी घागर खाली ठेवून समोर उभी राहिली.

“काहून बुजवता जी हिले? आमी पानी कुठून आनावं?”

“रस्ता सरळ पाहिजे, बाई.”

“मंग तुमची पेठ पानी पिनार नाही काय?”

मी खुंटी उपटली.

साहेब म्हणाला, “रस्ता वाकणार नाही.” वाकडा रस्ता मलाही नको होता. मी ते चित्र पुन्हा मागून घेतले. चौकाच्या मधोमध बारीकशी विहीर काढलेली होती! मी ती साहेबाला दाखवली. “रस्ता राहू द्या सरळ. चौकच विहिरीवर नेऊ.”

“सगळे नव्याने मोजावे लागेल.”

“मी मोजतो.”

तीन आठवडे काळ्या मातीत मोजणीची साखळी ओढली. पायांना भेगा पडल्या. साहेबाने दोनदा नकाशा परत केला. एकदा तर माझा रस्ता नाल्यात उतरत होता, चूक माझीच. तिसऱ्यांदा तो स्वतः विहिरीपर्यंत चालत गेला, चारी बाजूंना बघून आला आणि सही केली.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, तिथला कापूस पुन्हा बाजारात आला आणि आमचा भाव कोसळला. नकाशातल्या आठ रस्त्यांपैकी तीनच झाले. चौक मात्र झाला.

मग मला अमरावतीस तशाच कामावर धाडले. पहिले दोन दिवस मी साखळी उलगडलीच नाही. कोण कुठून पाणी भरते, ते विचारत हिंडलो.