पांढऱ्या पळसांची विभूती

पडदा वर जातो तेव्हा समोर फाल्गुनातलं ऊन आहे. दुबलगुंडीपलीकडचा रमना, म्हणजे जहागीरदारांचं जुनं शिकारीचं रान. सगळीकडे लाल पळस पेटलेला. ओढ्याकाठी मात्र चार झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली. त्यांच्यापाशी एक म्हातारी, लंगडी हत्तीण उभी आणि तिच्या सावलीत तिचा माहूत, गुरप्पा.

जहागिरी खालसा झाल्या, तशी हौसा हत्तीण सरकारजमा झाली आणि रमन्याचं राखीव रान झालं. जंगलसाहेबांनी गुरप्पाला बजावलं, "असा पळस साऱ्या तालुक्यात दुसरा नाही. एका झाडाला धक्का लागला, तरी हत्तीण लाकडाच्या अड्ड्यावर ओंडके ओढायला जाईल."

लंगडी हौसा तिथं चार महिनेही टिकली नसती.

गुरप्पाला धास्ती होती ती माणसांची. औषधासाठी लोक पांढऱ्या पळसाची साल चोरून न्यायचे. मग त्यानं आपल्याला सुचला तो उपाय केला. रोज लिंगपूजा झाली, की तो चारही बुंध्यांना विभूती फासायचा. देवाच्या झाडाला कोण कुऱ्हाड लावणार?

"सवताच्या कपाळाला चिमूटभर अन् झाडाला सूपभर!" बायको भागम्मा म्हणाली. "उद्या त्येच्या गळ्यात लिंगबी बांधताल."

"बांधतो की. तुझ्यापरीस कमी बोलतंय ते."

"बोला! घरातलं मीठ हत्तिणीला चारायलाव अन् वर्सभर अळणी आमटी वरपायलाव."

ते खरंच होतं. जहागिरीत हौसाला रोज रोटांबरोबर मिठाचा खडा मिळायचा. सरकारी शिध्यात तो नव्हता. गुरप्पानं कचेरीत विचारलं, तर कारकून म्हणाला, "कागदात मीठ न्हाई, अण्णा." घरातल्या मूठभर मिठानं एवढ्या देहाचं काय होणार?

पण साल चोरणारे थांबले. गुरप्पा खूश झाला. एके दुपारी हौसानं सोंड बुंध्याला लावली, मग तोंडाशी नेली. पुन्हा लावली, पुन्हा नेली. गुरप्पाचे डोळे भरून आले.

"बघ भागे, मुक्या जिवालाबी देव कळतंय!"

त्यानं हात जोडले. त्या दिवसापासून पाणी प्यायला सोडलेल्या हौसाला तो तिथंच मोकळी ठेवू लागला.

आठवड्यानं तो भाकरी खाऊन आला, तर चारही झाडांची साल सभोवार सोललेली होती. हौसा शेवटची पट्टी चघळत होती. गुरप्पानं बुंध्यावर उरलेल्या विभूतीवरून बोट फिरवून जिभेला लावलं. खारट होतं.

साहेब आले तेव्हा त्यानं काही लपवलं नाही. "तिला बोल न्हाई, साहेब. इबूत म्या लावली." साहेबांनी मान खाली घातली, पण हुकूम बदलला नाही. तिसऱ्या दिवशी हौसाला नेलं. वळणापर्यंत ती सारखी मागं बघत होती.

पावसाळ्याआधी पळस वाळले. हौसा गेल्याचा निरोप दसऱ्याला आला. त्यानंतर गुरप्पा ओढ्याकडे कधी फिरकला नाही आणि त्यानं स्वतःच्या कपाळालाही विभूती लावली नाही.

छप्पन्न साली ताप त्याच्या डोक्यात गेला. भागम्मा त्याच्या कपाळाला विभूती लावायला वाकली. त्यानं तिचा हात धरून बाजूला केला.

"इबूत कामून नासायलीस, भागे? मीठ असंल तर दे थोडं. हौसाला टाकून येतो."