देवघराची भिंत

मी पलटणीचा धर्मगुरू होतो. हुद्दा नायब सुभेदार. जवान ‘पंडितजी’ म्हणत. सीमेवरील पोस्टवर बंकर हेच आमचे मंदिर आणि दारूगोळ्याची रिकामी पेटी हेच देवाचे आसन. सकाळी आरती होई, मग पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, बाहेर पडे.

एका सकाळी पेट्रोल निघाले आणि नाल्यापलीकडे स्फोट झाला. वायरलेसवर आवाज आला.

“माइन ब्लास्ट. कॅज्युअल्टी एक. ओव्हर.”

लगेच दुसरा स्फोट.

“कॅज्युअल्टी दोन. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर.”

मी स्ट्रेचरबरोबर गेलो. हवालदार संपतचे दोन्ही पाय गेले होते. त्याला ओढून आणताना कोयनेकडच्या नाईक यशवंतचा पाय दुसऱ्या माइनवर पडला होता. संपत वाचला. यशवंतचा अंत्यविधी मी केला.

संपत आता फलटणजवळ आपल्या गावी राहतो. यंदा पितृपक्षाआधी मी त्याच्याकडे गेलो. यशवंत अविवाहित होता. त्याचे आईवडीलही आता नाहीत. तर्पणात मित्रालाही पाणी देता येते, म्हणून मी संपतला म्हणालो, “तू दे.”

“देतो. पर आदी माजी अंगूळ मी करनार. बायकोनं अंगणात धुऊन काडायला मी काय पोळ्याचा बैल हाय?”

न्हाणी इतकी लहान की व्हीलचेअर आत जात नव्हती. जागा वाढवण्यासाठी एकच भिंत फोडता येत होती, आणि तिच्यापलीकडे देवघर होते.

थोरला भाऊ भानुदास उसळला. “देवाच्या जागी न्हाणी? आवं पंडितजी, तुमी तरी सांगा ह्येला. गाव तोंडात शेण घालंल!”

“देव स्वयंपाकघरात हलवू,” मी म्हणालो.

“शास्त्रात बसतं व्हय?”

“स्नानावाचून पूजा नाही, हेच शास्त्र. म्हणून आधी न्हाणी, मग देवघर.”

“आन् पाप लागलं तर?”

“माझ्या नावावर.”

मी देवाची क्षमा मागितली, मूर्ती हलवल्या आणि भिंतीवर पहिला घण स्वतः घातला.

गवंड्याने उंबरा काढला, बसायला कट्टा बांधला आणि धरायला स्टीलचा दांडा बसवला. तो मात्र उभ्या माणसाच्या छातीइतका उंच. संपत खुर्चीतून वर पाहत म्हणाला, “गड्या, ह्यो काय पुलअप्सला लावलाय व्हय रं?” गवंडी ओशाळला. दांडा खाली आला.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी संपत आत गेला. आतून कडी लागली. थोड्या वेळाने काहीतरी धाडकन पडले. त्याची पत्नी सुमन दाराशी धावली.

“आवं, येऊ का?”

“तांब्या पडलाय, मी न्हाई! कुनी यायचं न्हाई.”

आम्ही बाहेरच थांबलो. पुन्हा पाण्याचा आवाज सुरू झाला. भानुदासने आत जाऊन ताम्हण आणि तीळ आणून ठेवले.

संपत ओल्या केसांनी बाहेर आला आणि त्याने ओंजळ पुढे केली. यशवंतचे गोत्र आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी काश्यप गोत्र उच्चारण्याची रीत आहे, असे मी सांगितले.

“न्हाई पंडितजी. त्येचं गोत्र पलटण. तसंच म्हना.”

मी तसेच म्हटले. संपतने माझ्यामागून एकेक शब्द स्पष्ट उच्चारला आणि अंगठ्यावरून पाणी सोडले.

“पलटणगोत्रं यशवंतं तर्पयामि.”